बाळंतिणीचं ऊन

समोरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. माणूसघाणेपणा म्हणा हवं तर. नवऱ्याचं अंथरुणावरचं दुखणं मी कित्येक वर्षं काढलं होतं. तो गेला आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेत दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू, विश्रांतीही होती. सकाळी उठून कुणाचं काही करायचं नाही, हे सुख केवढं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मला नवे चेहरे नको होते, नव्या चौकशा नको होत्या.

पण हुबळीच्या कमरीपेठेत खिडकी लावून काही होत नाही. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात कुणी शिंकलं तर इकडून 'सत्य' म्हणावं. संध्याकाळच्या आत बातमी माझ्या दारात आली. ती आणणारी कोपऱ्यावरची बांगडीवाली. गल्लीतली कोणतीही गोष्ट आधी तिला कळते आणि मग जिच्या घरी घडली तिला. नवं बिऱ्हाड नेपाळचं होतं. नवरा स्टेशनकडच्या गाड्यावर गोबी मंचुरियन करतो, बायको पोटुशी आहे, सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक शेगडी. मी शाळेत शिकवत असे म्हणून गल्ली अजून मला अक्कोरु म्हणते, आणि अक्कोरुंना सगळं ठाऊक असतं असा इथं समज आहे.

"अक्कोर, नेपाळ म्हणजे दिल्लीच्या अलीकडं की पलीकडं ओ?"

"पलीकडं," मी म्हटलं. "आणि आता मला पडू दे."

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. पाच-सहा दिवसांनी येतं, कधी आठवडाही जातो, आणि येतं ते कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे गल्लीची एक रीत आहे. ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्यानं "नीर बंत्री!" म्हणून हाक द्यायची, शेजारचं दार वाजवायचं, त्यानं पुढचं वाजवायचं. पाणी आलं, पाणी आलं करत हाक टोकापर्यंत जाते. झोपलेला उठतो, न्हाणारा अर्धा न्हाऊन बाहेर येतो. नेपाळ्यांच्या खोलीचं दार मात्र कुणी वाजवलं नाही. कुणाच्या मनात पाप होतं असं नाही. ती खोली बरेच दिवस रिकामी होती आणि हाताला तिथं थांबायची सवय नव्हती, एवढंच. पाणी आलं आणि गेलं. मग ती पोरगी रिकामी बादली घेऊन गल्लीच्या मध्यावर उभी राहिली. कुणाला काही विचारलं नाही तिनं, नुसती उभी होती. हे सगळं मी लावलेल्या खिडकीच्या फटीतून बघितलं, म्हणजे बघा.

माझे वडील मिरजेकडून रेल्वेच्या कारखान्यात मजुरीला आले आणि इथलेच झाले. मी इथंच जन्मले. कन्नड माझ्या तोंडात मराठीइतकंच आहे, भांडताना तर थोडं जास्तच. तरी अजून बाजारात कुणीतरी विचारतंच, तुम्ही मूळच्या कुठच्या? आई सांगायची, नव्यानं आली तेव्हा नळावर तिची घागर बायका लांब ठेवायला लावत. आम्ही बौद्ध, ते एक कारण. बाहेरचे, ते दुसरं. तिनं तक्रार केली नाही, फक्त सगळ्यांच्या शेवटी भरायची. आईची आठवण येऊन माझं मन द्रवलं वगैरे लिहायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. मी दोन घागरी तिच्या बादलीत आणि पातेल्यात ओतल्या आणि बांगडीवालीला दारातूनच ओरडून सांगितलं की पुढच्या वेळेपासून हे दारही वाजवायचं.

ती वाजवायला लागली. तिच्यात ते आहे. सांगितलेलं करते, आणि मग त्याच्या पुढे चार पावलं जाते.

महिनाभरानं नेपाळ्यानं बायकोला गावी पाठवायचं काढलं. इथं आपलं कोण आहे, बाळंतपण कोण करणार, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. तो दुपारी गाड्यावर जायचा तो अंगाला तेलाचा वास घेऊन रात्री उशिरा यायचा. पण पोरीला जायचं नव्हतं. तिचं पहिलं मूल गावाकडेच गेलं होतं. दवाखाना डोंगराच्या खाली, गाडी जाईल असा रस्ता नाही, चौघांनी डोलीतून उतरवायला घेतली आणि वाटेतच सगळं आटपलं. हे तिनं मला मोडक्या हिंदीत सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता. रडली नाही. एवढंच म्हणाली, "इधर हॉस्पिटल पास है, आमा. इधर रहना है." आमा म्हणजे त्यांच्यात आई.

मी काही बोलायच्या आत बांगडीवालीनं शब्द देऊन टाकला. उचलली जीभ लावली टाळ्याला. नेपाळ्याला भर गल्लीत थांबवून म्हणाली, "कशाला पाठवतोस रे? आम्ही मेलो काय सगळ्या? अक्कोर आहेत की!"

अक्कोर आहेत की. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्याच दिवशी पुण्याहून मुलाचा फोन होता. उन्हाळा लागायच्या आत इकडे ये, खोली रंगवून ठेवली आहे, म्हणाला. येते, म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. मला कुणाच्या तरी घरी आयता चहा प्यायचा होता.

मग गल्लीनं तिचा कुबसा केला. पोटुशीचं कौतुक करायची ही इकडची रीत, आपल्या डोहाळजेवणासारखी. बांगडीवालीनं हिरवा चुडा फुकट भरला, ज्या बायकांना ती एक बांगडीसुद्धा उधार देत नाही त्यांनी तिचं त्याबद्दल कौतुक केलं. नेपाळ्यांच्या घरमालकिणीनं, अव्वानं, हिरवं लुगडं दिलं. गाणी झाली. पोरीला काहीच कळत नव्हतं, पण ती हसत होती आणि सगळ्यांच्या पाया पडत होती. तिला पुन्हा पुन्हा वाकायला लावू नका म्हणून मी ओरडले. गल्लीला सणासारखं काही असलं की उत्साह असतो. कंटाळवाण्या कामाला नसतो. पाणी आलं की दार वाजवणं, दवाखान्यात रांगेत बसणं, यात गाणी नसतात.

दवाखान्याच्या रांगेत अर्थातच मी बसले. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. नर्सनं नातं विचारलं तेव्हा मी शेजारीण म्हटलं आणि पोरीनं आमा म्हटलं. नर्स म्हणाली, एक काहीतरी ठरवा.

घरी आणल्यावर घरमालकीण अव्वानं सूत्रं हातात घेतली. अव्वा सत्तरीची, जवारीच्या भाकरीसारखी कडक आणि तशीच पोटभर. तिनं आपल्या तीन लेकींची आणि दोन सुनांची बाळंतपणं केलेली, एकही बिघडलं नाही हा तिचा अभिमान. तिनं माळ्यावरून जुनी लोखंडी शेगडी काढली. खोलीची एकुलती खिडकी चिंध्या कोंबून बंद केली. दाराला गोधडी लावली. बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला गच्च फडकं, बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी. डिंकाचे लाडू आले, लसणाचा रस्सा आला. रोजच्या कढत न्हाणीसाठी पाणी लागणार, तर प्रत्येक घरानं एकेक घागर द्यायची असं अव्वानं ठरवलं, आणि ते दिलं गेलं. हे हुबळीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आठवडाभर पुरवायच्या पाण्यातली घागर दुसऱ्याला द्यायची म्हणजे इथं काय असतं! लोक सोनं देतील एक वेळ. मला तेव्हा गल्लीचा खरोखर अभिमान वाटला. म्हटलं, आईच्या वेळेपासून थोडं तरी पुढं सरकलो.

आणि पोरगी रडायला लागली.

आधी थोडं, मग दिवसभर. भिंतीकडे तोंड करून पडायची. लाडू तसाच राहायचा. दूध येईना, पोर भुकेनं तांबडंलाल व्हायचं. दवाखान्यात नेऊन दाखवलं, त्यांनी दोघांनाही तपासून सांगितलं की रोग काही नाही, तिनं खाल्लं पाहिजे, मन शांत राहिलं पाहिजे. मन शांत ठेवायचं औषध त्यांनी लिहून दिलं नाही. अव्वा म्हणाली, "गाळी बडदैती." वारं लागलंय. नव्या जागेचं काहीतरी अंगावर आलंय, दोरा बांधून आणायला हवा. बांगडीवालीनं दोरा देणाऱ्या माणसाचा पत्तासुद्धा काढला.

हे नेपाळ्याच्या कानावर गेलं आणि तो घाबरला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. गोरखपूरचं तिकीट काढलं होतं, दोघा मायलेकरांचं, सोबतीला त्याच्या गावचा एक जण. दोन दिवस गाडी, मग बस, मग तो डोंगर. पंधरवड्याचं बाळ घेऊन. मी म्हटलं, तिला विचारलंस का? तो म्हणाला, "वो तो बोलती ही नहीं, आमा. यहाँ मर गई तो मैं क्या करूँगा?"

मी त्या खोलीत गेले. बाहेर डिसेंबरची लख्ख सकाळ होती आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. धुरीनं मलाच खोकला आला. मी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले. तिला विचारलं, तुझ्याकडे बाळंतिणीचं काय करतात गं? तुझी आई काय करायची?

इतके दिवस हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. बाळंतीण म्हणजे बाळंतीण, त्यात विचारायचं काय, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

ती कूस बदलून माझ्याकडे वळली. मग सांगायला लागली, अडखळत, नेपाळी आणि हिंदी मिसळून. तिच्या गावात थंडीच्या दिवसांत बाळंतिणीला अंगणात चटई टाकून उन्हात बसवतात. राईचं तेल गरम करून तिला चोळतात, बाळाला चोळतात, आणि दोघं दुपारपर्यंत उन्हात पडून असतात. जाणारा-येणारा थांबतो, बाळ बघतो, कुणासारखं आहे ते सांगतो. बहिणीचं असंच झालं होतं. तिचंही असंच व्हायचं होतं, पहिल्या वेळी.

मग तिनं मला विचारलं, "हमको अंधेरे में क्यों बंद किया, आमा? हम गंदा है? हमारा बच्चा किसी को दिखाने का नहीं है?"

अव्वानं आपल्या पोटच्या लेकींना जे केलं तेच, त्याच शेगडीनं, तिला केलं होतं. यापेक्षा जास्त आपलेपणा अव्वाजवळ नव्हता. आणि या पोरीला वाटत होतं की परकी म्हणून आम्ही तिला कोंडून घातलंय. दोघींपैकी एकीचंही चुकलं नव्हतं आणि मध्ये एक पोर भुकेलं होतं. मला दोघींचा राग आला, आणि खूप खूप थकल्यासारखं झालं.

ऊन म्हटलं तर आमच्या गल्लीत येतं कुठं! घरं एकमेकांना टेकलेली. ऊन फक्त गच्चीवर, आणि गच्ची अव्वाची, तिथं तिचे सांडगे वाळत घातलेले. मी जाऊन सरळ सांगितलं की बाळंतिणीला वर उन्हात बसवायचंय. अव्वानं माझ्याकडे असं बघितलं, जणू वारं आता मलाच लागलंय.

"थंडीत? वाऱ्यावर? उघड्यावर?" ती म्हणाली. "अक्कोर, तुम्ही एकच पोर काढलंय, मला शिकवू नका." पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं, बरंच मोठ्यानं, आणि अर्धी गल्ली जिन्याखाली जमली. मी म्हटलं, तिच्या देशात हिमालय आहे, तिला आपली थंडी काय सांगता? अव्वा म्हणाली, मग हिमालयातच जाऊ दे. म्हटलं, तिकडंच चाललीय ती, तिकीट काढलंय, तान्हं घेऊन. अव्वाला तिकिटाचं कुणी सांगितलं नव्हतं.

"एनार आदर निम्म म्याल," ती शेवटी म्हणाली. काही झालं तर तुमच्यावर. मी हो म्हटलं. आयुष्यभर हेच तर करत आले, आणखी एक.

राईचं तेल उत्तरेकडचे कामगार सामान घेतात त्या दुकानात मिळालं. ते बांगडीवालीनं आणलं, पुढं होऊन, मी न सांगता. गच्चीवर चटई टाकली. पोरगी जिन्यावरून हळूहळू वर आली, कानातला कापूस तिनं स्वतःच काढला आणि उन्हात येऊन डोळे मिटून नुसती उभी राहिली. मी तेल लावायला बसले. लोणच्याच्या बरणीसारखा वास गल्लीभर गेला. माझ्या हातात जोर नाही. पायाला चोळता चोळता माझाच दम निघाला. अव्वा जिन्याच्या वरच्या पायरीवर शाल घेऊन बसली होती, काय अपशकुन होतो ते बघायला. थोड्या वेळानं तिला राहवेना.

"सरी, सरी," ती म्हणाली, म्हणजे सरका. "असं चोळतात काय? भांडी घासताय?" आणि वाटी माझ्या हातातून घेऊन बसली. तेल पोरीचं, ऊन पोरीचं, हात अव्वाचे. तोंडानं अखंड चालू होतं की हे काही खरं नाही, शेवटी ताप येणार. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, हे ती कानडीत म्हणत होती आणि पोरगी त्यावर मान डोलवत होती. समोरच्या गच्चीवरून एकीनं ओरडून विचारलं, कुणासारखं आहे? बांगडीवालीनं ओरडून उत्तर दिलं, बापासारखं, पण रंग आईचा. पोरगी हसली.

दूध लगेच उतरलं असं नाही. तिनं त्या दिवशी भात खाल्ला, दुसऱ्या दिवशी लाडूही खाल्ला. हळूहळू पोराचं रडणं कमी झालं. उन्हात असल्यावर दोघी बोलायच्या, अव्वा कन्नडमध्ये, पोरगी नेपाळीत, एकमेकींचं काही न कळता. मला मध्ये बसून भाषांतर करायचा कंटाळा यायचा, मग मी करतच नसे. कुणाचं काही अडलं नाही.

गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी नेपाळी माझ्या दारात आला. मी नुकताच चहा केला होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मोबाइल हातात.

"आमा, कल का टिकट है. क्या करूँ?"

"तिला विचार," मी म्हटलं.

"पूछा." तो खाली बघत होता. "बोलती है, आमा यहाँ है तो मैं भी यहाँ हूँ. आमा जाने वाली है क्या? बांगडी वाली दिदी बोली, आप पुणे जाने वाले हैं."

बांगडीवालीला हे कुणी सांगितलं कोण जाणे.

आता लस टोचायला कोण नेणार, दात येताना रात्रभर रडेल तेव्हा हाक कुणाला, पाणी येईल तेव्हा दार कोण वाजवेल, शाळेत घालायचं तेव्हा कोण जाणार, हे सगळं मला एकदम दिसलं. नवऱ्याचं करताना एक बरं होतं, कधीतरी संपणार हे माहीत होतं. हे पोर तर आत्ता सुरू झालं होतं. पुण्यात मुलानं रंगवलेली खोली होती, सूनबाईचा चहा होता, आणि मला तिथं जायचं होतं. अजूनही जायचंय. कुणी म्हटलं की प्रेमानं थकवा जातो तर विश्वास ठेवू नका.

"मी नाही जात," मी म्हटलं. "रद्द कर."

त्यानं तिथंच उभं राहून तिकीट रद्द केलं. दोनदा बटण चुकलं. मग वाकून माझ्या पायाला हात लावला आणि धावत समोरचा जिना चढून गच्चीवर तिला सांगायला गेला. मी दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ रडले. ते त्यांच्यासाठी नव्हतं. रविवारी मुलाचा फोन येतो, त्याला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.